एकटं राहायचा सराव

१ सप्टेंबर, सोमवार

बालवर्गाच्या बाईंनी रोजचं लिहून ठेवायला सांगितलं म्हणून ही वही आणली, पण त्यांना द्यायचं ते मी वेगळ्या कागदावर लिहीन. ही माझी. इथे खरं लिहायचं.

आज बटण्याला तिथे घेऊन गेले होते. बाकीची पोरं दाराशी बसून आपापले बूट काढत होती, एक ठमी तर शेजारणीचेही काढून देत होती. आमचे चिरंजीव माझ्या मांडीवर, आणि मूठ माझ्या कॉलरला. बाईंचा आवाज मऊ, पण प्रश्न सुईसारखे.

"तीन वर्षांचा होईल ना आता? बूट कोण घालतं?"

"मी."

"पाणी कोण पाजतं?"

"मीच."

"आणि आई दिसली नाही तर काय करतो?"

ह्याचं उत्तर बटण्यानंच दिलं. "नाही," म्हणाला. काय नाही ते सांगितलं नाही, मूठ तेवढी आणखी आवळली.

बाईंनी महिनाभर जागा धरून ठेवायचं कबूल केलं. तोवर त्याला बूट घालता यायला हवेत, पेल्यानं पाणी पिता यायला हवं, शी-शू सांगता यायला हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आईशिवाय एका खोलीत राहता यायला हवं. "तुम्ही करता म्हणून तो करत नाही. तुम्ही हात मागे घ्या," म्हणाल्या. मला राग आला. बरोबर बोलत होत्या म्हणून जास्त आला.

पण जागा मिळायलाच हवी. पुढच्या महिन्यापासून गणवेशाच्या कारखान्यात मला मशीन मिळतंय. नवरा ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा येतो. मी दिवसभर एका पोराशी आणि एका शिलाई मशीनशी बोलत लोकांच्या पँटी आखूड करत बसते. मला माणसांत बसून शिवायचंय.

खरं तर हे पोर असं नव्हतं. उन्हाळ्याच्या आधी शेजारच्या घरात एकटं जाऊन जेवून यायचं, हाताला लागायचं नाही. मध्येच काय झालं कोण जाणे, आता गोचिडीसारखं चिकटलंय. मी बाथरूममध्ये गेले तरी दाराबाहेर बसून राहतो आणि थोड्या थोड्या वेळानं "आई?" म्हणतो. मी "ओ" म्हणेपर्यंत थांबत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

सराव सुरू केला. "आई आत जाते. रडायचं नाही. आई परत येते." असं म्हणून स्वयंपाकघरात जायचं, दोन भांडी वाजवायची, परत यायचं आणि टाळ्या वाजवायच्या. ही बाईंनी सांगितलेली रीत. पहिल्या खेपेला मी आत पोचायच्या आधी हाच आत पोचला होता. दुसऱ्या खेपेला दारात खुर्ची आडवी टाकली, तर खुर्चीखालून आला.

रडत नाही, एवढं खरं. रडला असता तर समजूत काढता आली असती. तो नुसता माझ्या तोंडाकडे बघतो. दूध उतू जाईल म्हणून आपण दुधाकडे बघत उभे राहतो ना, तसं.

पाण्याचं मात्र जमलं. छोट्या जगमधून पेल्यात ओततो, निम्मं पेल्यात आणि निम्मं फरशीवर, मग फडकं आणून पुसतोही. शाबास म्हटलं. लगेच मनात आलं, आज जग उचलला, उद्या गॅसवरचं पातेलं उचलेल. माझं हेच होतं. पोराला एक गोष्ट शिकवली की तिच्या मागे चार भीती येऊन उभ्या राहतात. इस्त्री, कात्री, खिडकी, जिना. मी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते आणि बाई म्हणतात हात मागे घ्या. हात घेईन, डोळे कसे मागे घेऊ?

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज त्यानं मला मारलं.

मी एका पँटच्या खालच्या पट्टीला शिवण घालत होते. एकदम बघते तर हा माझ्याजवळ स्टुलावर उभा, दोन्ही हातांनी माझे गाल थापटतोय आणि म्हणतोय, "आई, ये. आई, ये." मशीन बंद. भिंतीवरचं बटण त्यानंच बंद केलेलं. शिवण पट्टी सोडून भलतीकडेच गेलेली आणि पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकलेले. ती पँट घालून गिऱ्हाईक उड्या मारत कामाला गेलं असतं.

मी खूप ओरडले. चालू मशीनला धक्का देतोस? सुई बोटात घुसली असती म्हणजे? विजेच्या बटणाला हात लावायचा नाही हे किती वेळा सांगितलं? कोपऱ्यात उभं केलं. कोपऱ्यात उभं राहायचं ते भिंतीकडे तोंड करून. हा माझ्याकडे तोंड करून उभा राहिला.

आता शांत झाल्यावर एक गोष्ट डोक्यात घोळतेय. स्टूल लोखंडी आहे. ते स्वयंपाकघरातून ओढत आणलं तर खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीनं छत ठोकते. आज ठोकलं असेलही. मला काहीच कसं ऐकू आलं नाही? मशीनचा आवाज असणार.

८ सप्टेंबर, सोमवार

ताई आल्या होत्या. ताई म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. आमच्या समोरचा रस्ता ओलांडला की कोपऱ्यावर त्यांची लाँड्री, तिथले दुरुस्तीचे कपडे माझ्याकडे येतात. ताईंच्या जिभेला हाड नाही, पण पोटातही काही ठेवत नाहीत. आज पोटातलं सगळं बाहेर आलं.

निमित्त झालं एका पांढऱ्या शर्टाचं. पाठीवर इस्त्रीचा तपकिरी छाप, टोकासकट. मी इस्त्री टेकवली आणि लगेच उचलली, शपथेवर सांगते. इस्त्रीच बिघडलीय, जास्त तापते. ताई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि मग भलतंच काढलं.

"माझं बोलणं आवडलं नाही तर तोंडावर सांगत जा गं. मी इथे घसा कोरडा करते आणि तू भिंतीकडे बघत तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळत बसतेस. मी काय भिंतीशी बोलायला येते? आणि वर हा तुझा बोका मला म्हणतो, 'आत्या, थांब, आई गेली.' कुठे गेली? ही काय समोर बसलीय धोंड्यासारखी!"

मी कधी भिंतीकडे बघत बसले? ह्या बाईला भांडायला निमित्त लागतं. त्या गेल्यावर मी मनातल्या मनात त्यांना दहा उत्तरं दिली, त्यातली आठ तरी चांगली होती.

पण बटण्याचं ते वाक्य काळजात रुतून बसलंय. 'आई गेली.' एवढ्याशा पोराच्या तोंडी असलं अभद्र कुठून आलं? त्याला विचारलं तर माझ्या मांडीवर चढून बसला. भरल्या घरात मला आज भीती वाटतेय आणि कशाची ते कळत नाही.

११ सप्टेंबर, गुरुवार

बूट! स्वतः घातले! डावा उजव्यात, उजवा डाव्यात, पण स्वतः. मी हात पाठीमागे बांधून ठेवले होते, नाहीतर राहवलं नसतं. घरभर बदकासारखा फिरला.

आता काढायला तयार नाही. जेवतानाही बूट, झोपतानाही बूट. "का रे बाबा?" म्हटलं, तर म्हणतो, "लागतात." बाईंच्या कागदावर लिहिलं: बूट घालतो. काढण्याबद्दल काही लिहिलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

बटण्याला झोपवून त्याच्या शेजारीच लिहायला बसलेय.

दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. बटण्या उशीवर बसला होता. समोर पुठ्ठ्याचं खोकं उपडं ठेवून त्यावर चिंधी सरकवत होता, तोंडानं मशीनचा घर्रर्र आवाज चालला होता. बघून हसू आलं. आणि एकदम तो थांबला. डोळे समोर, पण कुठेच नाहीत असे. तोंड चघळल्यासारखं हलतंय, तोंडात काही नाही. एका हाताची बोटं बनियनची कड चिमटतायत, सोडतायत, पुन्हा चिमटतायत. मी हाक मारली. पुन्हा मारली. पापणी हलली नाही. माझी पाचावर धारण बसली. धावत जाऊन उचलला तसा म्हणाला, "आले परत," आणि हसला.

मी त्याला इतकं घट्ट धरलं की तो ओरडला.

माझ्या मावशीला असं व्हायचं. पानावर बसल्या बसल्या थांबायची, तोंड हलत राहायचं. पुढे पुढे तर पडायची, हातपाय झाडायची. लपवून लग्न लावलं आणि सासरच्यांनी परत आणून सोडली. आमच्या घरात तिचा विषय काढायची बंदी होती. हे रक्तातून येतं म्हणतात. पण मी तर धडधाकट आहे. मला ओलांडून ते माझ्या पोराकडे कसं गेलं?

कुणाला सांगायचं नाही. बालवर्गात तर नाहीच नाही. उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत त्याला.

१५ सप्टेंबर, सोमवार

न राहवून नवऱ्याला फोन केला. तो कुठल्याशा नाक्यावर रांगेत उभा होता. सगळं ऐकून म्हणाला, "अगं पोरं काय काय खेळ करतात. तू आधी नीट झोपत जा. परवाही फोनवर बोलता बोलता मधेच गप्प झालीस, मी आपला हॅलो हॅलो करतोय."

म्हटलं, तुझ्या रस्त्यावर रेंज नसते, त्याला मी काय करू? फोन ठेवल्यावर रडले. पुरुषांना लांबून सगळं सोपं दिसतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

आजचा दिवस मात्र सोन्याचा. बाईंच्या कागदावर लिहिलेलं इथेही उतरवते: टबातून स्वतः बाहेर आला. नळ स्वतः बंद केला. टॉवेल स्वतः ओढून घेतला.

त्याला अंघोळीला बसवलं होतं. टबात नळ सोडला, साबण लावला, आणि बघते तर हा बाहेर उभा. टॉवेल अंगाला, केसांत तसाच साबण. टब काठोकाठ भरून पाणी बाहेर वाहिलेलं, माझा गाऊन गुडघ्यांपर्यंत भिजलेला. तो नळ घट्ट आहे, मला दोन हात लावावे लागतात. ह्यानं कसा फिरवला असेल? उतरला कधी तेही कळलं नाही, इतका चपळ झालाय.

मी शाबासकी दिली, पापा घेतला. त्याचे दात वाजत होते. अंगात ताप नाही, पाणीही कोमट होतं, तरी किती वेळ कापत होता. माझं बोट धरून बसला ते सोडेचना. आता रात्री तेच आठवतंय. शाबासकी दिल्यावर पोरं खुलतात. हा का कापत होता?

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज शर्टाची बटणं स्वतः लावली, वरचं सोडून सगळी. बटण्यानं बटणं लावली म्हणून मी त्याला म्हटलं की आता तू

पेनाची रेघ कागदावरून खाली घसरत गेलीय. बटण्यानं हात ओढला असणार. पेन शोधत बसले, ते त्याच्या खिशात सापडलं. काय म्हटलं होतं ते आता आठवत नाही. जाऊ दे.

२२ सप्टेंबर, सोमवार

देव म्हणा, नशीब म्हणा, ज्याला म्हणायचं त्याला म्हणा, पोर हाताला लागलं.

मी गाजर चिरत होते. तेवढ्यात ताईंचा आरडाओरडा ऐकू आला. दार सताड उघडं, दारात ताई धापा टाकत उभ्या, आणि त्यांच्या हाताला बटण्या. पायात बूट, उलटेच. जिना उतरून, रस्ता ओलांडून हा पोरगा एकटा लाँड्रीत गेला होता! त्या रस्त्यावरून दिवसभर टेम्पो धावतात. काउंटरखालून ताईंची साडी ओढून म्हणाला म्हणे, "आत्या, चल. आई येत नाही."

"मला वाटलं तू पडलीस की काय," ताई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाला तसंच टाकून धावत आले. आणि तू इथे खिडकीशी उभी!"

"मी खिडकीशी नव्हते. गाजर चिरत होते."

"सुरी कुठे आहे मग?"

सुरी नव्हती. खूप शोधल्यावर बुटांच्या कप्प्यात सापडली, मागे सारून ठेवलेली. आणि ताईंनी माझा हात धरून उलटा केला. तळहातावर चांगला लांब काप, रक्त मनगटापर्यंत ओघळून वाळायला लागलेलं. मला पत्ताच नव्हता. घाईत कापलं असेल. शर्टावरून बोलल्या होत्या तसं ताई आज काहीच बोलल्या नाहीत. हाताला पट्टी बांधली आणि माझ्याकडे बघत बसल्या. ताई गप्प बसल्या की जास्त भीती वाटते.

शेवटी मी त्यांना बटण्याच्या त्या थांबण्याबद्दल सांगून टाकलं, मावशीबद्दलही. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी डॉक्टरकडे जाऊ. मी येते."

त्या गेल्यावर मी दाराची वरची कडी घातली. तिथे त्याचा हात पोचत नाही. शिकवा म्हणे स्वतंत्र व्हायला! भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झालीय माझी. आता बघते कसा जातो.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज त्यानं स्टूल ओढत नेऊन दाराशी लावलं आणि कडीकडे हात उंच केला. मी स्टूल माळ्यावर टाकलं.

तेव्हा पहिल्यांदा रडला. हात झटकून, लोळण घेऊन, दारावर लाथा मारून. मी पण रडले. दोघं दाराच्या आत बसून रडत होतो. ताईंचा फोन आला, मी कडीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "कडी काढ." म्हटलं, तुमचं पोर रस्त्यावर गेलं असतं म्हणजे कळलं असतं. असं बोलायला नको होतं, त्यांना मूल नाही. त्या रागावल्या नाहीत. "काढ गं बाई," एवढंच पुन्हा म्हणाल्या.

नाही काढली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

मुलांचे डॉक्टर म्हातारे, टेबलावर लाकडी आगगाडी. मी सगळं सांगितलं. मारतो, बटणं बंद करतो, वस्तू लपवतो, घराबाहेर पळतो, सोडत नाही, आणि मधेच थांबतो. सांगताना असं वाटत होतं की मी माझ्याच पोराविरुद्ध साक्ष देतेय. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मग त्याला आगगाडी दिली आणि म्हणाले, "आई सांगते तो खेळ मला दाखवतोस?"

बटण्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीत सरळ बसला, डोळे स्थिर केले, तोंड चघळायला लागला, बोटांनी शर्टाची कड चिमटायला लागला. माझ्यानं बघवेना.

"छान. ह्या खेळाचं नाव काय?"

"आई आई," बटण्या म्हणाला.

"आई असं करते?"

"हो. मग गाल करायचा. मग ये म्हणायचं. मग येते."

ताईंनी तोंडावर हात ठेवला. मी हसले. खरंच हसले. म्हटलं, डॉक्टर, त्याच्या मनाचं आहे हे सगळं, पोरं काहीही सांगतात. डॉक्टर म्हणाले, "हाताला काय झालं?" मी सांगितलं, घाईत कापलं. ते पेन उचलून काहीतरी लिहायला लागले.

आणि मग बटण्याचे दोन्ही हात माझ्या गालांवर होते. "आई, ये." डॉक्टर टेबलापलीकडे होते ते माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले होते. ताई रडत होत्या. पाण्याचा पेला माझ्या पायाशी सांडला होता, आणि मला कुणी पेला कधी दिला तेच माहीत नव्हतं. मधलं काहीच नाही. कापडाचा मधला भाग कापून टाकून दोन टोकं जोडली तर सांधा दिसत नाही, तसं. मी इतकी वर्षं शिवतेय, मला माझा सांधा दिसला नाही.

"किती दिवसांपासून?" डॉक्टरांनी मला विचारलं. मी बटण्याकडे पाहिलं. ते फक्त त्यालाच माहीत होतं.

घरी येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. इस्त्री. पँट. सुरी. ताईंना मी दिलेली मनातली उत्तरं. सतरा तारखेशी येऊन थांबले. टब काठोकाठ भरलेला होता. तो आत होता. मी त्याच्या समोर गुडघ्यांवर बसलेली होते, आणि नव्हते. त्यानं आधी मला हाका मारल्या असतील. मी आले नाही तेव्हा तो घट्ट नळ त्यानं दोन हातांनी फिरवला, साबणाच्या अंगानं काठावरून उतरला. आणि मी त्याचा पापा घेऊन शाबास म्हटलं.

आणि दाराला मी वरची कडी घातली होती.

ताईंनी ती स्क्रूड्रायव्हरनं काढून टाकली. दाराला चार भोकं राहिलीत. त्या पिशवी घेऊन आल्या आहेत, आजपासून इथेच राहणार.

३० सप्टेंबर, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांकडे गेले. डोक्याला तारा लावून तपासलं. मावशीचंच दुखणं निघालं, फिटचं. गोळ्या दिल्या, रोज न चुकता घ्यायच्या. डॉक्टर बाई म्हणाल्या, पुष्कळांचं ह्यानं पूर्ण थांबतं, पण वेळ द्यावा लागेल. तोवर इस्त्री, सुरी, मशीन हे सगळं जवळ कुणी असेल तरच. बाथरूमला आतून कडी लावायची नाही. मुलाला एकटीनं अंघोळ घालायची नाही. रस्ता एकटीनं ओलांडायचा नाही. तीन वर्षांच्या पोराला जे नियम लावतात ते सगळे मला लागले. कारखान्याला कळवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, बरं वाटलं की ये.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी लोकांना किती वेळा ऐकवली असेल.

रात्री नवऱ्याला सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. म्हटलं, रेंज गेली का? "नाही, आहे," म्हणाला. "गाडी बाजूला घेतली."

मला भीती वाटते. गोळ्यांची नाही. आता प्रत्येक क्षणाला वाटतं की ह्याच्या आधीचा क्षण खरंच होता ना? घड्याळाकडे बघत राहते. मावशी किती घाबरत असेल, आणि तिला तर हे बोलायचीही परवानगी नव्हती.

६ ऑक्टोबर, सोमवार

बालवर्गाचा पहिला दिवस. बाईंना मी सगळं सांगितलं होतं, काही न लपवता. त्या म्हणाल्या, "मग तर त्याला इथे यायलाच हवं. त्याला खेळायला वेळ कुठे मिळालाय?"

बटण्यानं बूट स्वतः घातले, ह्या वेळी सुलटे. दारापर्यंत नीट आला. आणि तिथे मूठ माझ्या कॉलरला. बाई म्हणाल्या, थोडा रडेल, मग रमेल. पण तो रडत नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि आता मला कळत होतं की तो कामावर आहे.

मी खाली बसले. "बटण्या, आत्या आहे माझ्याजवळ. दिवसभर. ती बघेल."

त्यानं आत्याकडे पाहिलं. विश्वास काही बसला नाही. बरोबरच आहे, तिला सांगितलं होतं तेव्हा ती ओरडली होती. मग त्यानं माझी कॉलर सोडली, ताईंचा हात धरून खाली ओढला. ताईंचे गुडघे दुखतात, तरी फरशीवर टेकल्या. बटण्यानं त्यांचे दोन्ही हात घेऊन माझ्या गालांवर ठेवले.

"असं. जोरात नाही. आई, ये म्हणायचं."

"आई, ये," ताई म्हणाल्या. ज्या ताईंना आजवर कुणी काही शिकवलेलं मी पाहिलं नाही.

"सुरी घ्यायची. घर्रर्र बंद करायचं."

"बरं."

"आणि आत्या, रडायचं नाही. आई परत येते."

हे वाक्य मी त्याला शिकवलं होतं, स्वयंपाकघरात भांडी वाजवत.

ताईंनी मान हलवली.  बटण्यानं त्यांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, मग दाराशी बसला, बूट काढले, जोडीनं कप्प्यात ठेवले आणि आत गेला. आतल्या पोरांचा कालवा वाढला. मी थोडा वेळ उभी राहिले, पण त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

घरी येताना ताई माझा हात धरून माझ्या तोंडाकडे बघत चालल्या होत्या, रस्त्याकडे नाहीच. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला खांदा आपटला.

"ताई, समोर बघा ना!" म्हटलं.

"तू गप्प चाल," त्या म्हणाल्या. "पोरानं सांगितलंय."